बंद पडलेली रोझेनवाल्ड शाळा पुन्हा गावाच्या कामाला लावायची तर

नॉर्थ कॅरोलायनात राहणाऱ्या एका मराठी सिव्हिल इंजिनियर बाईंनी विचारलं आहे. त्यांच्या गावाबाहेर १९२०च्या दशकातली दोन वर्गखोल्यांची लाकडी रोझेनवाल्ड शाळा आहे. वर्णभेदाच्या काळात ती फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठी होती. आता ती शेजारच्या चर्चच्या ताब्यात आहे आणि कित्येक वर्षं बंद आहे. तिथे शिकलेल्या, आज ऐंशीच्या घरात असलेल्या मंडळींना ती गावासाठी पुन्हा उघडायची आहे. ठेकेदाराने चार गोष्टी सुचवल्या आहेत: खिडक्या काढून व्हायनलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, बसवा, जुना रंग वाळूच्या फवाऱ्याने उडवा, मधली भिंत पाडून एकच हॉल करा, आणि जमिनीखालची मोकळी जागा सिमेंटच्या ठोकळ्यांनी बंद करा. हे बरोबर आहे का, सुरुवात कुठून करायची, पैसा कसा उभा राहतो आणि त्यांच्या महाराष्ट्र मंडळाने यात काय करावं, असे त्यांचे प्रश्न आहेत.

चारही सूचनांना नाही म्हणा. ठेकेदार वाईट आहे असं मी म्हणत नाही. एखाद्या घराला त्याने हेच सुचवलं असतं. पण ही इमारत दोन गोष्टींसाठी बांधली गेली, वर्गात पडणारा उजेड आणि गावाला जमायला जागा. या चार सूचनांनी पहिली गोष्ट जाते आणि दुसरी महाग होते. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत माझं आयुष्य गेलं, त्यात अशा लाकडी शाळा बऱ्याच आल्या. त्या अनुभवावरून सांगते.

आधी ही शाळा कोणाच्या पैशाने उभी राहिली ते तुमच्या समितीला माहीत हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात. अलाबामातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन आणि टपालाने माल विकणाऱ्या सीअर्स रोबक कंपनीचे प्रमुख ज्यूलियस रोझेनवाल्ड यांनी १९१२ साली सहा ग्रामीण शाळांपासून हा उपक्रम सुरू केला. १९३२ला तो थांबला तोवर दक्षिणेच्या १५ राज्यांत ४,९७७ शाळा झाल्या होत्या. शिक्षकांची घरं आणि कार्यशाळा धरल्या तर ५,३०० हून जास्त इमारती. सगळ्यात जास्त तुमच्याच राज्यात, ८००च्या वर. एकूण खर्च साधारण २ कोटी ८४ लाख डॉलर. त्यात रोझेनवाल्ड फंडाचे सुमारे ४४ लाख, आणि त्या गावांमधल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांनी, कुळांनी, धोबिणींनी, शिक्षिकांनी घातलेले ४७ लाख. बाकीचा मोठा वाटा सरकारी करातून आला, आणि तो करही हे लोक भरतच होते. म्हणजे एकाच शाळेसाठी त्यांनी दोनदा पैसे मोजले. काही गावांनी कापसाचा एखादा तुकडा फक्त शाळेसाठी राखून ठेवला होता, त्याला 'रोझेनवाल्डचा तुकडा' म्हणायचे. ज्यांच्याकडे रोकड नव्हती त्यांनी लाकूड दिलं, जमीन दिली, अंगमेहनत दिली.

नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाकडे या फंडाच्या नोंदींची कार्डं आहेत आणि ती इंटरनेटवर शोधता येतात. काउंटीचं नाव घालून तुमची शाळा शोधा. कार्डावर आराखडा कितव्या प्रकारचा, किती शिक्षकांचा, जमीन किती एकर, एकूण खर्च किती हे मिळतं. पैशांचे चार वेगळे आकडे असतात: कृष्णवर्णीयांचे, गोऱ्यांचे, सरकारी आणि रोझेनवाल्ड फंडाचे. बऱ्याच कार्डांसोबत इमारतीचा जुना फोटोही असतो. तो मोठा छापून पहिल्या बैठकीत भिंतीवर लावा. पडवी कशी होती, धुराडं कुठे होतं, खिडक्या किती होत्या, यावरचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

सुरुवात कागदपत्रांपासून करा, लाकडाला हात नंतर. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४च्या ब्राउन निकालाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला, पण दक्षिणेत प्रत्यक्ष विलीनीकरण व्हायला पुढे पंधराएक वर्षं गेली. मग या शाळा बंद पडत गेल्या. काही चर्चला विकल्या गेल्या, काही माजी विद्यार्थ्यांनी विकत घेतल्या, काहींमध्ये गवताचे भारे भरले गेले. मूळ जमीन अनेकदा एखाद्या शेतकऱ्याने 'शाळा असेपर्यंत' या अटीवर दिलेली असते. शाळा बंद झाल्यावर ती अट जागी होते आणि देणाऱ्याच्या नातवंडा-पतवंडांचा हक्क निघू शकतो. चर्चकडे चावी आहे म्हणजे मालकी आहे असं समजू नका. काउंटीच्या नोंदणी कार्यालयात मूळ खरेदीखतापासून आजपर्यंतची साखळी वकिलाकडून तपासून घ्या. स्वच्छ मालकी किंवा निदान दीर्घ मुदतीचा भाडेकरार हातात नसेल तर कुठलंही मोठं अनुदान मिळत नाही.

पुण्याच्या भिडे वाड्याचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती जागा वर्षानुवर्षं भाडेकरू आणि महापालिका यांच्या खटल्यात अडकली, इमारत त्या काळात मोडकळीला आली, आणि निकाल लागल्यावर डिसेंबर २०२३मध्ये ती स्मारकासाठी पाडावी लागली. स्मारक होईल, व्हायलाच हवं. पण ज्या भिंतींमध्ये त्या मुली बसल्या त्या परत येत नाहीत. मालकीचा प्रश्न लोंबकळला की इमारत पाऊस खाते, एवढं त्यातून घ्या.

आता पाऊस. तुमच्या पत्रात छप्पर एका कोपऱ्यात गळतं असं आहे, म्हणजे या महिन्यात करायचं काम तेच. कायमचं छप्पर नंतर बघू. आज जाड ताडपत्री, पट्ट्या मारून नीट ताणलेली, आणि त्या कोपऱ्याखालची फरशी उचलून आतली तुळई किती कुजली आहे याची पाहणी. पाणी येत राहिलं तर खिडक्या, वर्गातले फळे, रंग यावर बोलण्यात अर्थ नाही.

मग इमारतीखाली शिरा. तुम्ही इंजिनियर आहात, हे काम दुसऱ्यावर सोपवू नका. या शाळा विटांच्या सुट्या खांबांवर उभ्या असतात आणि खालून वारा खेळतो. शंभर वर्षं लाकूड टिकलं ते त्या वाऱ्यामुळे. बाहेरच्या कडेची मोठी तुळई पटाशीने टोचून बघा. टोक सहज आत गेलं की ते लाकूड गेलं. वाळवीच्या मातीच्या नळ्या खांबांवर दिसतात का पाहा. बहुतेक वेळा कुजकी जागा पन्हळ नसलेल्या बाजूला आणि पायरीजवळ सापडते, कारण तिथे मातीचा भराव लाकडाला येऊन टेकलेला असतो. भराव काढा, जमिनीचा उतार इमारतीपासून बाहेर करा, खालच्या मातीवर जाड प्लास्टिक अंथरा. ठोकळ्यांची भिंत घालून सगळं बंद केलंत तर खालची ओल खालीच कोंडते, आणि फोटोतली इमारतही दिसेनाशी होते. विटांच्या दरजा भरताना चुन्याचाच माल वापरा. त्या काळच्या विटा मऊ भाजणीच्या आहेत. घट्ट सिमेंट भरलं की ओल दरजेतून न निघता विटेतून निघते आणि काही हिवाळ्यांत विटेचं तोंडच गळून पडतं.

आता खिडक्या, ज्यांच्यासाठी मी तुमच्या ठेकेदाराशी भांडायला तयार आहे.

या शाळांना वीज नव्हती. सुरुवातीचे आराखडे टस्कीगीत रॉबर्ट टेलर यांच्या देखरेखीखाली झाले. टेलर हे एमआयटीतून वास्तुशास्त्राची पदवी घेतलेले पहिले कृष्णवर्णीय. १९२० पासून हे काम नॅशव्हिलच्या कार्यालयातून चालू लागलं. सगळ्या आराखड्यांचा कणा एकच: उजेड. उंच खिडक्या एकमेकींना लागून ओळीने, शक्यतो पूर्वेला किंवा पश्चिमेला. जमिनीचं तोंड वेगळं असेल तर त्याच शाळेचा वेगळा आराखडा असायचा, म्हणजे वर्ग फिरला तरी खिडक्यांची दिशा फिरणार नाही. बाकं अशी मांडायची की उजेड मुलांच्या डावीकडून यावा, उजव्या हाताने लिहिताना पाटीवर हाताची सावली पडू नये. शेजारच्या गोऱ्यांच्या शाळेतली टाकून दिलेली पुस्तकं वाचणाऱ्या मुलांसाठी कोणीतरी इतका बारकाईने विचार केला होता. ही ओळ काढून तिथे व्हायनलच्या सुट्या खिडक्या बसवल्या तर उरतं ते एक लाकडी खोकं.

आणि त्या दुरुस्त होतात. ज्या खिडकीला पाहून लोक 'गेली' म्हणतात, तिच्यात बहुधा झडपेची खालची पट्टी आणि चौकटीची पाटली एवढंच गेलेलं असतं, कारण पाणी तिथे साचतं. बाकीचं लाकूड जुन्या, संथ वाढलेल्या पाइनच्या गाभ्याचं असतं. आज बाजारात मिळणारं पाइन त्याच्या जवळपासही जात नाही. काम असं चालतं. चौकटीच्या आतल्या बाजूची धरपट्टी न मोडता उचकटायची. झडप दोरीवर टांगलेली असते, दोरीच्या दुसऱ्या टोकाला चौकटीच्या पोकळीत बिडाचं वजन असतं. दोरी कापण्याआधी तिला गाठ मारून ठेवायची, नाहीतर वजन धाडकन आत पडतं. प्रत्येक झडपेवर आणि तिच्या चौकटीवर एकच क्रमांक घालायचा, कारण शंभर वर्षांत प्रत्येक झडप आपल्यापुरती वाकलेली असते आणि दुसरीच्या जागी बसत नाही. तावदानं काढताना जुनी लांबी, म्हणजे काच पक्की करणारी पुटी, ऊब देऊन मऊ करायची, हातोड्याने फोडायची नाही. काचा जपा, त्या काळची काच किंचित लाटांची असते आणि बाहेरचं झाड तिच्यातून हलल्यासारखं दिसतं. कुजलेली पट्टी सरळ कापून तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा खाच करून बसवायचा, थोडं पोकळ झालेलं असेल तिथे इपॉक्सी मुरवायचं. मग जवसाच्या तेलाचा हात, नवी लांबी, ती सुकेपर्यंत धीर, आणि रंग. रंग काचेवर केसभर चढला पाहिजे, म्हणजे पाणी लांबीत शिरत नाही. सगळ्या दोऱ्या नव्या घाला. एका बोटाने झडप वर गेली की काम जमलं.

हे काम शिकता येतं. माजी विद्यार्थ्यांच्या नातवंडांना एका अनुभवी सुतारासोबत बसवा. व्हायनलची खिडकी काही वर्षांनी बिघडली की फेकावीच लागते, तिच्यात दुरुस्त करण्याजोगं काही नसतं.

रंगाबद्दल एकच गोष्ट, पण ती टाळता येणार नाही. १९७८च्या आधीच्या रंगात शिसं असणार असं धरूनच चाला. वाळूच्या फवाऱ्याने ते धुळीत मिसळून पूर्ण आवारात पसरतं, आणि लाकडाचा वरचा थर खरवडला जातो तो वेगळाच. ओलं करून हाताने खरवडणं, खाली प्लास्टिक, योग्य मुखवटे आणि प्रमाणपत्र असलेला माणूस. लहान मुलं नियमित येणार असतील तर हे कायद्यानेही लागू होतं. खरवडण्याआधी एखाद्या आडोशाच्या जागेवर थर एकामागून एक उघडे करून ठेवा, म्हणजे मूळ रंग कळेल. आतल्या भिंतींना वर उजेड परतवणारी फिकट छटा आणि खाली मुलांचे हात लागतात त्या उंचीपर्यंत गडद लाकूड, असा जुना प्रघात तुम्हाला बहुधा तिथे सापडेल.

मधली भिंत पाडण्याआधी तिच्यावरचं प्लायवूड काढून बघा. दोन शिक्षकांच्या बऱ्याच आराखड्यांत दोन वर्गांच्या मध्ये घडीचे दरवाजे होते. संध्याकाळी ते बाजूला सारले की गावाच्या सभेला, नाटकाला, प्रार्थनेला हॉल तयार. तुमचा ठेकेदार जो हॉल नव्याने करू पाहतोय तो १९२०च्या दशकातच करून ठेवलेला असू शकतो. दरवाजे सापडले तर कुलपं-कड्या ठाकठीक करा. दिवसा एका बाजूला ज्येष्ठांचं जेवण, दुसऱ्या बाजूला मुलांचा अभ्यास, आणि गरज पडली की एकच जागा.

यावरून वापराकडे येते. पुष्कळ समित्या म्हणतात, 'म्युझियम करू.' मी त्यांना थांबवते. गावाबाहेरचं दोन खोल्यांचं म्युझियम पहिल्या वर्षी भरतं, तिसऱ्या वर्षी कुलूपबंद होतं, आणि बंद इमारतीच्या नशिबी पुन्हा गळती येते. व्हर्जिनियातल्या रॅपाहॅनक काउंटीची स्क्रॅबल शाळा बघा. १९२१च्या सुमाराला बांधलेली, साठच्या दशकाच्या शेवटी बंद झालेली, २००९मध्ये पुन्हा उघडली ती ज्येष्ठ नागरिक केंद्र आणि आफ्रिकन-अमेरिकन वारसा केंद्र अशी दोन्ही एकत्र. रोजची माणसं असली की दिवा लागतो, दिवा लागला की इतिहासही बघितला जातो. तुमच्याकडे कोट अडकवायच्या छोट्या खोलीत प्रदर्शन मांडा आणि वर्ग वापरात ठेवा.

एका शाळेच्या बैठकीत आम्ही माजी विद्यार्थ्यांना विचारलं होतं की पहिलं काय हवं. आमच्या मनात फळे, बाकं, घंटा होती. एक आजी म्हणाल्या, स्वयंपाकघर. त्यांच्या आईने आणि मावश्यांनी जेवणाचे डबे विकून शाळेला स्टोव्ह घेऊन दिला होता. जिथे रांधता येत नाही तिथे माणसं टिकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या योजनेत स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी होतं, ते वर आलं. म्हणून सांगते, त्यांना विचारा, आणि आराखडा काढायच्या आधी विचारा. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचं काम सुताराच्या आधी सुरू व्हायला हवं. वय बघता ते पुढे ढकलणं तुम्हाला परवडणार नाही.

सुविधांबद्दल थोडक्यात. स्वच्छतागृहं मुळात बाहेर होती, आता ती मागच्या बाजूला छोट्या जोडइमारतीत घ्या, वर्ग कापू नका. चाकाच्या खुर्चीच्या उताराला उंचीच्या प्रत्येक इंचामागे बारा इंच लांबी लागते. वर्गाची जमीन अडीच फूट उंच असेल तर तीस फूट, वर-खाली सपाट जागा वेगळ्या. तो बाजूने किंवा मागून घ्या, पण तिथून आत येणाऱ्याला मागच्या दाराने आल्यासारखं वाटू देऊ नका. ज्यांना आयुष्यभर मागचं दार दाखवलं गेलं त्यांच्यासाठीच ही इमारत आहे. शक्य असेल तर सगळ्यांचं मुख्य प्रवेशद्वार तेच करा. उष्णतारोधक थर आधी माळ्यावर टाका, भिंतींच्या पोकळीत फोम भरू नका. थंड-गरम हवेसाठी छोटे सुटे एसी पुरतात, छतात मोठे नळ खेळवावे लागत नाहीत.

पैशाचं. पहिला फोन राज्याच्या ऐतिहासिक वास्तू कार्यालयाला. तुमची इमारत राष्ट्रीय वारसा नोंदणीत जाऊ शकते का ते तिथे कळेल. तिथले लोक या शाळांशी चांगले परिचित आहेत, आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या रोझेनवाल्ड शाळांचं एकत्रित दस्तावेजीकरण झालेलं असल्याने तुम्हाला सगळं शून्यातून लिहावं लागणार नाही. नॅशनल ट्रस्ट या वास्तुजतनाच्या संस्थेने २००२मध्ये या शाळांना देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातलं, तेव्हापासून लक्ष वाढलं. २०१७पासून त्यांचा आफ्रिकन-अमेरिकन वारसा निधी आहे, आणि राष्ट्रीय उद्यान सेवेची नागरी हक्कांच्या इतिहासासाठीची अनुदानं वेगळी. वीस टक्क्यांची केंद्रीय करसवलत ऐकून लोक हुरळतात; ती उत्पन्न देणाऱ्या इमारतींना आहे, आणि कर न भरणाऱ्या चर्चला ती वापरायची तर खासगी भागीदारीची गुंतागुंत करावी लागते. इतक्या लहान कामाला ती परवडत नाही. पहिलं छोटं अनुदान पाहणी-अहवालासाठी मागा. नीट अहवाल हातात असला की मोठी दारं उघडतात. या सगळ्या ठिकाणी केंद्राच्या 'डिपार्टमेंट ऑफ द इंटिरिअर' या खात्याचे वास्तुजतनाचे मानदंड लागू होतात, आणि त्यात स्पष्ट आहे की जुनी गोष्ट दुरुस्त होत असेल तर बदलू नये. म्हणजे व्हायनलच्या खिडक्या आज बसवल्या तर उद्याचं अनुदानही जाईल. ठेकेदाराला हे सांगा, त्याला लगेच पटेल.

शेवटी तुमचं मंडळ. मदत जरूर करा. जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांची मुक्ती करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती, आणि बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाबद्दल विचारणा केली होती. नातं जुनं आहे. पण समितीची अध्यक्षपदं, फलकावरची नावं, उद्घाटनाची भाषणं यांपासून दूर राहा. ती त्यांची शाळा आहे, त्यांच्या आईवडिलांनी दोनदा पैसे भरलेली. तुमच्याकडे सनदी लेखापाल असतील तर हिशेब ठेवून द्या, संगणकवाले असतील तर जुने फोटो स्कॅन करून द्या, अनुदानाचे अर्ज लिहिण्यात हात द्या, खिडक्या खरवडायच्या दिवशी जेवण घेऊन जा. आणि पहिल्या दिवसापासून देखभालीचा निधी वेगळा काढायला सांगा, म्हणजे विमा, गवत कापणं, वाळवीची वार्षिक तपासणी आणि काही वर्षांनी पुन्हा खिडक्यांचा रंग त्यातून होईल. अनुदानं दुरुस्तीला मिळतात, या खर्चाला सहसा कोणी देत नाही.

ताडपत्री टाकून झाली की फिस्कच्या कार्डाची प्रत, चारही बाजूंचे फोटो आणि खालच्या तुळईचे जवळून घेतलेले फोटो पाठवा. आराखड्याचा क्रमांक कळला तर मधली भिंत घडीची होती का ते मी पाहून सांगते.